'म्युरिएल्स वेडिंग' म्हणजे दुसरं 'मामा मिया' नव्हे

'म्युरिएल्स वेडिंग' हे ऑस्ट्रेलियन संगीत नाटक म्हणजे 'आबा' (ABBA) या स्वीडिश पॉप बँडच्या जुन्या गाण्यांची नुसती माळ, असं सर्रास सांगितलं जातंय. ते बरोबर नाही. पी. जे. होगन यांनी स्वतःच्याच 1994च्या चित्रपटावरून याची संहिता लिहिली. पहिला प्रयोग 2017मध्ये सिडनीत झाला. केट मिलर-हाइडके आणि कीअर नटॉल यांनी त्यासाठी नवी गाणी रचली. 'आबा'ची गाणी आहेत, पण मोजकीच. गंमत म्हणजे 'आबा'चे चौघे रंगमंचावर येतात ते नायिका म्युरिएलच्या कल्पनेतून, तिला धीर द्यायला! 'मामा मिया' या 'आबा'च्याच गाण्यांवर बेतलेल्या संगीत नाटकात मात्र गाणी आधीची, गोष्ट नंतर बेतलेली. दोन्हींत लग्न आहे आणि 'आबा'ची गाणी आहेत, एवढंच काय ते साम्य.