हिंगण्याचा आश्रम पुनर्विवाह लावत नव्हता

सध्या फिरणारा मजकूर असा: ‘अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंगण्याला विधवांचे पुनर्विवाह लावण्यासाठी आश्रम काढला. ठाकरसींच्या १५ लाखांवर पुढे तिथेच कुमारिकांची शाळा आणि विद्यापीठ उभं राहिलं.’ दोन वाक्यांत चार चुका.

‘१८९६, हिंगणे’: साल बरोबर, गाव चूक. अनाथ बालिकाश्रम मंडळी १४ जून १८९६ रोजी पुण्यात स्थापन झाली. पुण्याजवळच्या हिंगण्यातली आश्रमाची झोपडी १९०० ची. पुण्यात प्लेग होता आणि रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली.

‘पुनर्विवाहासाठी’: ही सगळ्यात मोठी चूक. ते काम १८९३ च्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचं होतं. १८९५ मध्ये तिचं नावही ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक’ असं सौम्य झालं (उच्चारायला मात्र अवघड). आश्रमाने विधवेला शिकवायचं, कमावतं करायचं. लग्नाचा प्रचार करायचा नाही. दोन संस्था वेगळ्या ठेवण्याचं कारण व्यवहाराचं होतं. कर्व्यांनी स्वतः विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं म्हणून त्यांच्या कोकणातल्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं होतं. आश्रमात लग्नं जमतात अशी नुसती कुणकुण लागली असती, तरी पालकांनी मुली धाडल्या नसत्या आणि वर्गणी आटली असती. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागणाऱ्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या बहीण; त्याही विधवा, पण त्यांनी पुनर्विवाह केला नाही. लग्नं लावणाऱ्या संस्थेचा चेहरा असा असतो का?

‘तिथेच कुमारिकांची शाळा’: महिला विद्यालय ४ मार्च १९०७ रोजी पुण्यात, सहा मुलींवर सुरू झालं. आश्रमातच वर्ग वाढवणं स्वस्त पडलं असतं. पण विधवांबरोबर राहणं अशुभ मानणाऱ्या घरांतून कुमारिका आल्याच नसत्या. आणि मुलगी शाळेत राहिली तर लग्न काही वर्षं पुढे जातं, हा विद्यालयामागचा उघड हिशोब होता. हिंगण्याला ते नंतर गेलं.

‘ठाकरसींच्या १५ लाखांवर’: मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांची ही देणगी १९२० ची. विद्यापीठ (आजचं एसएनडीटी) १९१६ मध्येच सुरू झालं होतं. त्याआधीचा आश्रम आणि विद्यालय तर छोट्या छोट्या वर्गण्यांवर चालले. सर विठ्ठलदासांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव देणगीनंतर लागलं. १९१६ च्या कागदांत ते शोधणाऱ्याला ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ एवढंच सापडेल.