सायमन आणि गारफंकल यांचा शेवटचा अल्बम

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या अमेरिकन गायक जोडीचा ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ हा अल्बम जानेवारी १९७० मध्ये आला. अर्धशतक उलटले तरी रसिकांचा त्याच्यावरचा जीव कमी झालेला नाही. शीर्षकगीतातून मिळणारा दिलासा हे त्याचे कारण सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लहानपणापासूनची एक मैत्री सुटत चालली आहे आणि तरीही दोघे एकमेकांसाठी जीव ओतून गात आहेत, हे या अल्बममध्ये ऐकू येते, आणि माझ्या मते तो इतका जवळचा वाटतो तो म्हणूनच.

दोघांचा जन्म १९४१ चा, आणि दोघे वाढले न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. शाळेच्या नाटकात ओळख झाली, पुढे ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांनी गायला सुरुवात केली आणि १९५७ मध्ये, शाळेत असतानाच, त्यांचे एक गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. स्वतःच्या आडनावांनी काढलेला १९६४ चा पहिला अल्बम मात्र साफ पडला. सायमन इंग्लंडला निघून गेले, गारफंकल यांनी पुन्हा अभ्यासात लक्ष घातले. त्यानंतर निर्माते टॉम विल्सन यांनी जून १९६५ मध्ये, या दोघांना न विचारता, त्या अल्बममधल्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स चढवले आणि जानेवारी १९६६ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. या भरीमुळे मूळ गाण्याचा साधेपणा गेला असे मानणारे श्रोते आहेत. मला तसे वाटत नाही, कारण दोघांचे एकमेकांना बिलगलेले स्वर त्या वाद्यांच्या गर्दीतही तसेच्या तसे उरले आहेत, आणि लोकांनी डोक्यावर घेतले ते त्या स्वरांना. १९६७ च्या ‘द ग्रॅज्युएट’ चित्रपटाने तर हे स्वर घराघरांत नेले.

दुरावा वाढला १९६९ मध्ये. ‘कॅच-२२’ या चित्रपटात काम करण्यासाठी गारफंकल मेक्सिकोला गेले. त्याच चित्रपटातली सायमन यांची भूमिका मात्र काढून टाकण्यात आली होती, त्यामुळे ते न्यूयॉर्कमध्ये एकटेच गाणी लिहीत राहिले. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’मधले ‘द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क’ हे गाणे त्या दिवसांचे आहे. त्यात सायमन ज्या ‘टॉम’ला निरोप देतात, तो म्हणजे गारफंकल, ‘टॉम अँड जेरी’मधला टॉम. मित्र सोडून गेल्याची खंत त्या गाण्यात आहे, पण तक्रारीचा सूर कुठेही नाही. त्याला शुभेच्छा दिल्या आहेत आणि त्याही शाळकरी दिवसांच्या नावाने. कडवी संपत येतात तेव्हा मागून शब्दांवाचून गाणाऱ्या अनेक आवाजांची एक लाट येते. ते अनेक आवाज म्हणजे हेच दोघे आहेत. पुन्हा पुन्हा गाऊन, एकावर एक थर चढवून त्यांनी तो समूह उभा केला. एकटेपणाच्या गाण्याला सोबत करायला तोच मित्र मागे उभा आहे, हे कळल्यापासून मला हे गाणे शीर्षकगीताहूनही मोठे वाटते.

शीर्षकगीताची कथाही याच नात्याची आहे. गाणे सायमन यांचे, पण ते गारफंकल यांनीच गावे असा त्यांचा आग्रह होता. लॅरी नेक्टेल यांच्या पियानोवर गारफंकल जवळजवळ कुजबुजत सुरुवात करतात, आवाज हळूहळू चढवत नेतात, आणि सायमन त्यांच्या सुरात सूर मिळवायला येतात ते थेट शेवटच्या कडव्यात. रंगमंचावर या गाण्याला टाळ्यांचा कडकडाट होई तेव्हा, आपण लिहिलेल्या गाण्याचे श्रेय दुसऱ्याला मिळते आहे, हे मनाला लागत असे, असे सायमन यांनी पुढे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले. मला त्यात क्षुद्रपणा दिसत नाही. आपले सर्वांत चांगले गाणे मित्राच्या गळ्यासाठी देणे आणि नंतर त्याचे दुःख होणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात.

बाकी कारागिरीबद्दल कितीही लिहिता येईल. ‘द बॉक्सर’च्या ध्रुवपदातला तो प्रचंड ड्रम हॅल ब्लेन यांनी स्टुडिओबाहेर लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत वाजवला, कारण हवा तो घुमार तिथे मिळत होता. ‘सेसिलिया’चा ताल घरातल्या टेपरेकॉर्डरवर, मांड्यांवर थापा मारत धरलेला आहे. ‘एल कोंडोर पासा’ ही पेरूचे संगीतकार डॅनिएल अलोमिया रोब्लेस यांची चाल. वास्तुकला शिकलेल्या गारफंकल यांच्या तोंडी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचा निरोप घेणारे गाणे दिले आहे, तेही या दोघांच्या निरोपासारखेच ऐकू येते.

१९७१ मध्ये या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले तेव्हा जोडी फुटलेली होती. त्यांनी एकत्र राहायला हवे होते असे अनेक चाहते आजही हळहळून म्हणतात. मला ती हळहळ समजते, पण पटत नाही, कारण गाण्यांचा क्रम पाहिला तर या अल्बमने तो निर्णय आधीच सांगून टाकला आहे. पहिल्या गाण्याची सुरुवात एकट्या गारफंकल यांच्या आवाजाने होते, आणि ‘साँग फॉर द आस्किंग’ हे शेवटचे छोटे गाणे सायमन एकटे गातात. म्हणून यातली गाणी सुटी सुटी न ऐकता ज्या क्रमाने लावली आहेत त्याच क्रमाने एका बैठकीत ऐकावीत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.