गावचं चॅनेल, टेक्सासचा मालक

परवा पुन्हा तोच वाद वाचला. मराठी वाहिन्यांचे मालक मराठी नाहीत, म्हणून मराठीचं वाटोळं झालं. तोंडी लावायला अमेरिका आहेच: ‘तिकडे बघा, प्रत्येक शहराचं स्वतःचं चॅनेल असतं.’ असतं ना. त्याचा मालक कुठे बसतो तेवढं बघून घ्या, मग बोलू.

पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन घ्या. १९९६मध्ये पेरी सूक यांनी तिथलं डब्ल्यूवायओयू हे सीबीएस या राष्ट्रीय नेटवर्कशी संलग्न टीव्ही केंद्र घेतलं, ती नेक्सस्टार या टीव्ही केंद्रांच्या मालक कंपनीची सुरुवात. १९९८मध्ये त्याच भागातलं एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कचं डब्ल्यूबीआरईही घेतलं. एका बाजारपेठेत एकाच मालकाची दोन केंद्रं तेव्हा चालत नव्हती. मग पहिलं केंद्र दुसऱ्या एका कंपनीला विकलं आणि ती कंपनी पुढे मिशन ब्रॉडकास्टिंगमध्ये विलीन झाली. परवाना मिशनचा, कारभार करारान्वये नेक्सस्टारचा. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. हे आपल्याला नव्यानं शिकायला नको. २००९च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूवायओयूच्या स्वतंत्र बातम्या बंद पडल्या. दोन न्यूजरूमचा खर्च कशाला?

पैसा कुठून आला तेही पाहा. १९९२च्या केबल कायद्यानुसार प्रत्येक केंद्र दर तीन वर्षांनी निवड करतं: एकतर केबलवाल्यानं आपल्याला सक्तीनं, फुकट दाखवायचं, नाहीतर परवानगीचा मोबदला द्यायचा. रोख कुणी फारसं देत नव्हतं. २००५मध्ये नेक्सस्टार रोखीवर अडून बसली आणि कॉक्स व केबल वन या केबल कंपन्यांच्या जाळ्यावरून तिची केंद्रं काही महिने गायब झाली. आता दरमहा, दर ग्राहकामागे आकारणी होते. छपरावरच्या अँटेनावर तेच चॅनेल फुकट दिसतं, हा भाग वेगळा. आपल्याकडे अ‍ॅनालॉग केबलच्या काळात उलटी गंगा होती. जुने टीव्ही वरचे बँड पकडत नसत, म्हणून खालच्या बँडमध्ये जागा मिळवायला वाहिनीच केबलवाल्याला कॅरेज फी मोजायची. त्या काळात लहान मराठी वाहिनीची दमछाक कशानं व्हायची, याचं उत्तर मालकाच्या आडनावात सापडणार नाही.

अमेरिकेत कायदे कडक असतात म्हणे. एका मालकानं देशातल्या टीव्ही असलेल्या ३९ टक्के घरांपलीकडे पोहोचू नये, ही मर्यादा संसदेनं २००४मध्ये घातली. पण यूएचएफ, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या, केंद्राची घरं निम्मीच धरतात. चार टक्के घरांपर्यंत पोहोचणारं केंद्र हिशेबात दोन टक्के. अ‍ॅनालॉग यूएचएफ कमी अंतर जायचं, म्हणून ती सवलत. २००९मध्ये प्रक्षेपण डिजिटल झालं आणि कारण संपलं, कारण डिजिटलला यूएचएफच जास्त मानवतं. सवलत २०१६मध्ये काढली, २०१७मध्ये परत आणली! ऑगस्ट २०२५मध्ये नेक्सस्टारनं टेग्ना ही केंद्रांची दुसरी कंपनी ६.२ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला: मिळून २६५ केंद्रं, ४४ राज्यं, ८० टक्के घरं. नेक्सस्टारचं मुख्यालय टेक्सासमधल्या अर्विंगला.

एक गोष्ट मात्र इथे, अमेरिकेत, खरोखर चांगली आहे. केंद्राला दर तासाला आपलं सांकेतिक नाव आणि परवान्याचं गाव सांगावंच लागतं. ते नाव एफसीसीच्या, म्हणजे इथल्या प्रसारण नियामकाच्या, ऑनलाइन सार्वजनिक फाइलमध्ये टाका. मालकीचा अहवाल उघडा, पण तिथे थांबू नका. परवानाधारक म्हणून मिशनसारखंच नाव दिसू शकेल. सामायिक सेवांचे करार वाचले की खरा कारभारी सापडतो. आपल्याकडे माध्यमांच्या मालकीवरच्या ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशी २०१४पासून पडून आहेत. आडनावांवर भांडणाऱ्यांनी यावर भांडावं.

आणि ईटीव्ही मराठी आठवते ना? २००० साली सुरू झाली. मालक रामोजी राव, कारभार हैदराबादचा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्या मराठीत. परप्रांतीय मालकाचं हे उदाहरण वादात कुणी काढत नाही, सोयीचं नसतं.

आता सोयीचंच बोलतोय असं आम्हालाही म्हणता येईल. परदेशातले आम्ही मराठी लोक दरमहा डॉलर भरून मुंबईच्या मालिका बघतो. गावच्या केंद्राच्या सहाच्या बातम्या फुकट असतात, त्या लावत नाही. इथल्या शाळा मंडळावर कोण निवडून आलं, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं; कोल्हापुरात काय झालं, ते रात्रीतून कळतं.