पावसावर कर? आधी बिल तरी बघा

‘कॅनडात आता पावसावरही कर! जितका पाऊस, तितकं बिल. ट्रूडो सरकारची एप्रिलपासून वसुली. जगात असं कुठेच नाही. तिकडे घर घेण्याआधी दहादा विचार करा.’

मार्च २०२४ मध्ये टोरांटो शहराच्या एका प्रस्तावावरून भारतीय वाहिन्यांनी उचललेली ही बातमी व्हॉट्सअॅपवर अजून जिवंत आहे. गेल्या आठवड्यात सांगलीच्या आत्याने ती टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये घर बघणाऱ्या माझ्या भावाला पाठवली आणि पाठोपाठ काळजीचा फोनही केला. मी टोरांटोशेजारच्या मिसिसागा शहरात राहते. आमच्या पालिकेत हे शुल्क, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या खर्चासाठीचं, २०१६ पासून आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

‘जितका पाऊस, तितकं बिल’ हे तर शुद्ध थोतांड. पाऊस इथे कोणी मोजत नाही, छप्पर मोजतात. हवाई छायाचित्रांवरून घराच्या छपराचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावरून घरांचे पाच गट केलेत. पाणी न मुरणारी २६७ चौरस मीटर जागा म्हणजे एक एकक, २०१६ मध्ये त्याचा दर वर्षाला १०० डॉलर. सगळ्यात खालच्या गटाला अर्धं एकक, सगळ्यात वरच्याला १.७. म्हणजे त्या वर्षी ५० ते १७० डॉलर. उन्हाळा कोरडा गेला तरी तेवढेच, आभाळ फाटलं तरी तेवढेच.

दुकानं, गोदामं, मॉल यांचं मात्र छपरासोबत डांबर-काँक्रीटही मोजलं जातं. २६,७०० चौरस मीटरच्या फरसबंद जागेला १०० एककं, म्हणजे त्या दराने १०,००० डॉलर. खरी गोम इथे आहे. मातीत पाणी मुरतं, डांबरावरून ते थेट गटारात धावतं. टोरांटोत पावसाळी गटारांचा खर्च पाणीपट्टीतून भागवतात. त्यामुळे पाच माणसांच्या आंघोळी होणारं घर त्यात भर घालतं आणि मैदानाएवढ्या पार्किंगला नळच नसेल तर त्याच्या मालकाला काही झळ नाही. हे न्याय्य आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी जरूर फॉरवर्ड करावं.

गटारांवर एवढा खर्च कशाला? ८ जुलै २०१३ ला इथल्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस झाला. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ झाला होता, तेव्हा आपल्याला हसू येणारच. पण इथली गटारं तेवढ्यानेच तुंबली, घरोघरी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि विम्याचे दावे एक अब्ज डॉलरच्या घरात गेले.

ट्रूडोंचा याच्याशी संबंध नाही, हा पालिकेचा कारभार. टोरांटोत तर एप्रिलपासून काहीच सुरू होणार नव्हतं. लोकांची मतं मागवणं चालू होतं, ते गदारोळ झाल्यावर थांबवलं.

‘जगात कुठेच नाही’? कॅनडातलीच किचनर आणि वॉटर्लू ही शहरं २०११ पासून घेतात, ब्रॅम्प्टन २०२० पासून. जर्मनी आणि अमेरिकेतली शहरं त्याच्याही कितीतरी आधीपासून. आणि मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, जललाभ कर, वृक्ष उपकर असतात, ते कोणी वाचतं का?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. एकदा लागू झालं की हे शुल्क वाढतच जातं, आमचंही वाढलंय. ‘पाणीपट्टी तेवढी कमी करू’ असं टोरांटो म्हणत होतं, पण ती पुन्हा वाढायला कितीसा वेळ लागणार? त्यावर भांडा की, मी पण येते.

राहिला घराचा मुद्दा. भावाला म्हटलं, विचारायचंच असेल तर बेसमेंटमध्ये कधी पाणी शिरलं होतं का ते विचार, आणि गटाराचं पाणी उलटं घरात आलं तर विमा भरपाई देतो का तेही. ते संरक्षण बहुतेक वेळा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.