माळकऱ्याची तंबाखू: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सवयी बदलण्यात माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतींचा वाटा मोठा असतो, असे मी लिहिले होते. त्यावर आपण धुळ्याहून कळवलेत की, कापूस वेचणारी बाई दाढेखाली तंबाखू धरते ती भूक मारण्यासाठी आणि दिवसभर वाकून काम निभावे म्हणून. तिला ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असे सांगणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला उपदेश करणे होय. आपला राग मला रास्त वाटतो. निकोटीन भूक दाबते, आणि ते बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत होणारी चिडचिड, डोकेदुखी व अस्वस्थता खरोखर शरीराला सोसावी लागते. ‘मनात आणले तर काहीही सुटते’ हे माझ्या लेखातील वाक्य चुकीचे होते. ते मी मागे घेतो.

मूळ मुद्दा मात्र माझ्याने सोडवत नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरातले आहे. माझे काका मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेले, तुळशीची माळ घालून परतले आणि त्या दिवसापासून दारू व मटण यांना त्यांनी स्पर्श केला नाही. तंबाखू मात्र पुढे बारा वर्षे चालूच राहिली. भजनातही दोन अभंगांच्या मध्ये चुन्याची डबी उघडली जाई. माणूस तोच, निग्रहही तोच. दारूबाबत ‘मी माळकरी आहे’ हे एकदा मनाशी ठरल्यावर रोज नव्याने झगडावे लागत नव्हते, आणि तंबाखूबाबत ‘ही मेल्याशिवाय सुटत नाही’ हे त्यांनी तितक्याच निष्ठेने धरून ठेवले होते. निकोटीनची पकड वेगळी असते हे मान्य करूनही, त्या बारा वर्षांत त्यांनी एकदासुद्धा प्रयत्न केला नाही, याचे उत्तर केवळ निकोटीनमध्ये सापडत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेचा विचार मांडला, तो मला येथे उपयोगी वाटतो. एखादे ठरावीक काम आपल्याला जमेल असे माणसाला वाटते की नाही, यावर तो ते काम हाती घेईल का आणि अडचणीत किती काळ टिकेल, हे बरेचसे अवलंबून असते. हे वाटणे सर्वांत पक्के होते ते स्वतः काही करून दाखवल्याने, त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहिल्याने. नुसत्या समजावणीचा जोर त्यामानाने कमी पडतो. म्हणजे उपदेशाबद्दलचा आपला आक्षेप या विचाराशी पुष्कळसा जुळतो.

काकांच्या बाबतीत घडले तेही असेच. ज्यांच्याबरोबर ते एकाच डबीतून चुना घेत, त्या शेजाऱ्यांनी तंबाखू सोडली. ते पाहून काकांनी फक्त सकाळच्या चहानंतरची चिमूट बंद केली. ती महिनाभर जमल्यावर दुपारची, आणि रात्रीची सर्वांत शेवटी. मधे एका लग्नाच्या पंगतीनंतर त्यांनी बार भरला आणि ‘आता मोडलेच’ म्हणून आठवडाभर पुन्हा सुरू केली. माझ्या मते खरा धोका त्या एका चिमटीपेक्षा ‘मोडलेच’ या निष्कर्षात होता.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा समजही असेच नुकसान करतो. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये नोंदवलेल्या एका निरीक्षणात आहे: रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ, फळ खाणे किंवा पाणी पिणे अशा साध्या गोष्टींसाठीही, १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. मधला आकडा ६६ होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. एकवीस दिवसांवर भिस्त ठेवणारा माणूस बाविसाव्या दिवशी तलफ आली की दोष स्वतःच्या स्वभावाला देतो आणि प्रयत्न सोडतो.

वेचणीच्या शेतात दुपारची भाकर वेळेवर मिळणे आणि वाकून राबलेल्या कमरेला विसावा मिळणे हे आधी व्हायला हवे, याबद्दल आपले एकमत आहे. तरीही आपण त्या बायांमध्ये वावरता, म्हणून विचारतो: त्यांच्यापैकी जिने कोणी तंबाखू सोडली असेल, तिने दिवसातली पहिली कोणती चिमूट सोडली, आणि ती कोणाकडे पाहून? आपण हे विचारून कळवलेत, तर पुढचा लेख मी तिच्या सांगण्यावरून लिहीन.

आपला,
लेखक