बाकावरचे आजारपण

लोक मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला का घेतात, या प्रश्नाला वेळ वाचतो, पैसा वाचतो, अंतर उरत नाही अशी शिस्तीतली उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत. तथापि ती देणाऱ्यांपैकी कोणीही सोमवारी संध्याकाळी, मधुमेही आईला घेऊन, नाशिकच्या शरणपूर रोडवरील एखाद्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला नसावा, अशी मला दाट शंका आहे. माझ्या मते लोकांना डॉक्टर टाळायचे नसतात. त्यांना तो बाक टाळायचा असतो.

आम्ही सिडकोत राहतो. त्रिमूर्ती चौकातून निघून उंटवाडीचा सिग्नल आणि मायको सर्कल ओलांडेपर्यंत, आणि त्यातही सिंहस्थाच्या तयारीत कोणता रस्ता आज खोदलेला आहे याचा अंदाज चुकला असेल तर, निरोगी माणसालाही एखादी गोळी घ्यावीशी वाटू लागते. नंबर सकाळीच फोनवर लावलेला असतो. ‘तुमचा २७ वा, सातपर्यंत या,’ असे सांगण्यात आलेले असते. आपण सातच्या ठोक्याला हजर होतो, तेव्हा आत नववा रुग्ण असतो.

पुढचा वेळ गणिताच्या कोणत्याही नियमाने जात नाही. दहावा नंबर आत जाण्यापूर्वी टाय लावलेले आणि जड बॅगा घेतलेले दोन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, नम्रपणे आत शिरतात. अकराव्याच्या आधी एक गृहस्थ उठतात आणि सगळ्या बाकांना उद्देशून म्हणतात, ‘मला काही दाखवायचे नाही, फक्त रिपोर्ट दाखवायचा आहे, एकच मिनिट.’ दवाखान्यातल्या या एका मिनिटाची लांबी मोजण्याचे साधन अजून निघालेले नाही. शिवाय हे गृहस्थ रिपोर्टबरोबर आपली पाठ, मेहुण्याचा खोकला आणि मुलीच्या सासूची थायरॉइडची फाईलही आत नेतात, हे बाहेर आल्यावर त्यांच्या हातातील चिठ्ठ्यांवरून कळते.

उरलेल्या वेळात शेजारी बसलेले लोक आपल्यावर उपचार करतात. ‘साखर किती?’ हा प्रश्न तिथे ‘गाव कोणते?’ इतक्या सहजतेने विचारला जातो. पंचवटीहून आलेल्या एका आजोबांनी आईला कारल्याचा रस सांगितला, त्यांच्या पलीकडच्या बाईंनी तो खोडून काढून मेथीदाणे सांगितले आणि दोघांचे भांडण होऊ नये म्हणून तिसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड सुचवली. काही लोकांचा रक्तदाब घरच्यापेक्षा दवाखान्यात जास्त भरतो आणि वैद्यकशास्त्रात त्याला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ असे नाव आहे. त्या बिचाऱ्या पांढऱ्या कोटावर हा आळ आलेला पाहून मला नेहमी वाईट वाटते, कारण खरा अपराधी बाहेर भिंतीला टेकून उभा असतो आणि त्याला चार पाय असतात.

फोनवरून रुग्ण तपासण्याचे रीतसर नियम आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीचा पहिला दिवस उजाडला त्याच दिवशी, जाहीर झाले. त्यानंतर काही दिवसांतच सरकारची ई-संजीवनी सेवा घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. त्या काळात लोक नाइलाजाने फोनकडे वळले, हे समजण्यासारखे आहे. साथ ओसरल्यावर, दवाखाने उघडल्यावर आणि बाकांवरील एकाआड एक फुल्या पुसल्या गेल्यावरही त्यांतले बरेच जण परतले नाहीत, ही बाब मला अधिक बोलकी वाटते.

आमच्या घरी हा बदल माझ्या मुलीने घडवला. तिने आईच्या नावाने ॲपवर नोंदणी केली, १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक, काढला आणि त्यासाठी आलेला ओटीपी आईने, अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नये असे बँकेने बजावलेले असल्यामुळे, सख्ख्या नातीलाही बराच वेळ सांगितला नाही. ‘फोनमधून नाडी कशी बघणार?’ हा तिचा आक्षेप वैद्यकीयदृष्ट्या बिनतोड होता.

पहिल्या कॉलमध्ये डॉक्टरांनी ‘आजी, जीभ दाखवा’ म्हटले, तेव्हा आईने ती संपूर्ण निष्ठेने दाखवली. फोन मात्र तिने कानाला लावलेला होता. पाय दाखवा म्हटल्यावर डॉक्टरांना आमचा छताचा पंखा, त्यानंतर देवघर आणि ओझरते पातेल्यातले कढणारे दूध दिसले, आणि ‘दुधात साखर घालता का?’ हा त्या दिवसाचा सर्वांत उपयुक्त वैद्यकीय प्रश्न त्यातून निघाला. एवढ्यात समोरच्या काकू डबा परत द्यायला आल्या. डॉक्टर प्रत्यक्ष दिसत आहेत हे कळताच त्या घरी जाऊन पिशवी घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘मला काही नाही, फक्त रिपोर्ट दाखवायचा आहे.’

विनोद बाजूला ठेवला तर सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील माणसासाठी हा बाक सिडकोतल्यापेक्षा कितीतरी लांब असतो. तो एसटीच्या थांब्यापासून सुरू होतो आणि त्यात दिवसाची मजुरी जाते. गावातल्या आरोग्य उपकेंद्रातून तिथले कर्मचारी ई-संजीवनीवर डॉक्टरांशी गाठ घालून देतात किंवा फिरते वैद्यकीय पथक वस्तीपर्यंत येते, तेव्हा वाचते ती ही मजुरी. आणखी एक कारण लोक उघड सांगत नाहीत. लहान गावात दवाखान्यातला कंपाउंडर आपल्या आत्याच्या ओळखीचा निघतो. अंगावरून जाण्याची तक्रार, दारू किंवा मनाची घालमेल फोनवर सांगितली की ती निदान संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचत नाही.

फोनला सगळे जमते असे मात्र मी म्हणणार नाही. छातीत कळ आली तर ॲप उघडत बसण्यात अर्थ नसतो, तिथे १०८ ला फोन करून रुग्णवाहिकाच बोलवावी लागते. काही औषधे फोनवर लिहून देण्याची डॉक्टरांना परवानगीच नाही. मधुमेही माणसाच्या तळपायाची संवेदना बारीक नायलॉनचा धागा टेकवून तपासतात आणि तो धागा कोणत्याही नेटवर्कमधून येत नाही. त्यासाठी आमच्या डॉक्टरांनी आईला समक्ष बोलावले, तेव्हा आम्ही पुन्हा उंटवाडीच्या सिग्नलला उभे राहिलो आणि कारल्याच्या रसाचे नवे समर्थक भेटले.

परतताना मी आईला विचारले, समक्ष भेटून बरे वाटले ना? ती म्हणाली, ‘इथे ते सारखे कॉम्प्युटरमध्ये बघत टाइप करतात. फोनवर माझ्याकडे बघतात.’ आता कॉलच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसते, फोन पाणी पिण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि डॉक्टरांनी काही विचारण्याआधी ते जेवले का, हे विचारून घेते. मी फाईल घेऊन शेजारी बसू लागलो, तर तिने मला हाताने बाजूला सारले. ‘तू दिसू नकोस,’ ती म्हणाली. ‘बरोबर कोणी आहे असे कळले, की ते माझा आजार तुलाच समजावून सांगतात.’