‘पाया कच्चा राहतो’ म्हणणाऱ्या सरांना

सर, दशांश वजाबाकीच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘असल्या क्लासवाल्या शॉर्टकटनी पाया कच्चा राहतो. आधी उभी मांडणी पक्की करा. उदाहरणही चुकलंय. माझा पाचवीतला नातू गोंधळला. आणि स्कॉलरशिपला हे चालतं का?’

चूक मान्य. 6.3 − 2.98 मध्ये ‘3 वजा करा, मग 0.02 मिळवा’ असं हवं होतं, तिथे 0.2 पडलं. उत्तर 3.32 बरोबरच होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘क्लासवाल्या’? पंचवटीत बावीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, शिकवणीचा एक रुपया घेतला नाही. न ओळखता असं लिहायचं, आणि तेही एका शिक्षकाने?

आता पाया. 8 − 3.46 घ्या. उभी मांडणी ‘पक्की’ असलेली कितीतरी मुलं 5.46 लिहितात. आठातून तीन गेले पाच, उरलेले 46 तसेच खाली. आठ म्हणजे 8.00 हे त्यांना दिसतच नाही. दिसलं तरी दोन शून्यं ओलांडून हातचा घ्यायचा असतो, तिथे पेन्सिल अडते. हेच भर घालत करा: 3.46 ला 0.04 दिले की 3.50, आणखी 0.50 दिले की 4, मग 4 दिले की 8. भर झाली 4.54. यात शतांश कुठला, दशांश कुठला हे मुलाला प्रत्येक पायरीला ठरवावं लागतं. पाया म्हणतात तो हाच ना? याला शॉर्टकट म्हणणं मला लागलं, हे लपवत नाही.

रविवार कारंज्याजवळ वडिलांचं किराणा दुकान होतं. साडेसदतीस रुपयांचा माल, गिऱ्हाईकाने पन्नासची नोट दिली की ते सुट्टे हातावर ठेवत मोजायचे: आठ आणे, अडतीस, दोन, चाळीस, दहा, पन्नास. साडेबारा परत. वजाबाकी कुठेच मांडलेली नसायची, पण हिशेब चुकल्याचं मला आठवत नाही. ते चौथी शिकलेले. त्यांचाही पाया कच्चाच म्हणायचा का, सर?

उभी मांडणी नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. लेख पुरता वाचला असतात तर तिसऱ्या परिच्छेदात ते सापडलं असतं. स्कॉलरशिपचं म्हणाल तर तिथे पर्याय निवडायचे असतात, मांडणीला वेगळे गुण नसतात. तो मुद्दा संपला.

नातवाचं मात्र मनावर घेतलंय. चुकलेला 0.2 त्याच्यापुढे गेला असेल तर दोष माझा. त्याला 8 − 3.46 कागदाशिवाय विचारा, रुपये-पैसे म्हणून विचारलंत तरी चालेल. उत्तर काय आलं आणि कसं काढलं, दोन्ही इथे लिहा. मी वाट बघते.